पोच

१ मार्च, प्लोवदिव

आले एकदाची! विदीनहून निघालेली गाडी सोफियात इतकी रखडली की मी डब्यातल्या सगळ्यांची लग्नं, ऑपरेशनं आणि भाऊबंदकी ऐकून घेतली. आईनं दिलेल्या ल्युतेनित्सा चटणीच्या बरण्या मात्र एकही न फुटता पोचल्या. प्लोवदिवला उतरते तर झोर्नित्सा, माझी झोरी, फलाटावर उभी! बॅग घ्यायच्या आधी तिनं माझं मनगट धरलं आणि लाल-पांढरी मार्तेनित्सा, वसंताची दोरी, बांधली. आज एक मार्च, ती बांधायचा दिवस, मला पार विसर पडला होता. पांढरी नि लाल राहा, चिमणे, वर्षभर ठणठणीत राहा, असं म्हणाली. मला चिमणी म्हणणारी जगात ही एकटीच. पहिलीत आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचं आहे ते, आणि इतरांसमोर ती कधी म्हणत नाही.

तिच्या घरातली खिडकीकडची खोली मला मिळाली. खाली अंगणात बदामाचं झाड आहे, अजून उघडंबोडकं. जेवायला चीज भरलेली बानित्सा. मी तिला आणखी हवी का विचारलं, तिनं मान वर-खाली केली, म्हणून मी ताटली उचलली, तर बाई ओरडलीच. चार वर्षं जर्मनीत, लाइपझिगला राहून हिची मान बिघडली आहे! आमच्याकडे मान आडवी हलवली की हो, वर-खाली केली की नाही. तिकडे नेमकं उलटं. आता हिची कुठली मान कुठल्या देशाची, देव जाणे. मी म्हटलं, बये, तोंडानं बोलत जा. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

विदीनमध्ये दोन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोकांचे कीबोर्ड झटकत बसले होते. झोरीनं आपल्या साहेबांकडे शब्द टाकला नसता तर अजून तेच करत असते. जन्मभर उपकार आहेत तिचे.

२ मार्च

कामाचा पहिला दिवस. ऑफिस स्टेशनजवळच्या जुन्या तंबाखूच्या गोदामात, दुसऱ्या मजल्यावर. भिंती रंगवल्या आहेत तरी तंबाखूचा वास जात नाही, डबा उघडल्यावर तर पावालाही येतो. कंपनीचं नाव ग्लाशाताय, म्हणजे दवंडीवाला. नाव शोभतं, कारण आमचं काम निरोप पोचवण्याचंच. दवाखाना, नगरपालिका, बेकरी, छापखाना, कुणाच्या प्रणालीला दुसऱ्या प्रणालीला काही सांगायचं असेल तर ते आमच्यातर्फे जातं.

साहेब म्हणजे बोगोमिल, सगळे त्याला बोगोदादा म्हणतात. पोट सुटलेला, मिशीत हसणारा माणूस. त्यानं मला काम समजावलं ते असं. तू दवाखान्यात जातेस, तर आधी काय विचारतेस? शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं, तू त्याच्या मागे. डॉक्टरला वेळ झाला की पुढचा आत. डॉक्टर जेवायला गेला म्हणून लोक घरी जात नाहीत, रांगेत थांबतात. आपलंही तसंच. पाठवणारा निरोप रांगेत टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. घेणारा मोकळा झाला की रांग त्याला एक निरोप देते. घेणाऱ्यानं काम उरकून 'पोच' दिली की मगच रांग तो निरोप पुसते. पोच नाही आली, तर रांग समजते की घेणारा वाटेत मेला, आणि तोच निरोप दुसऱ्या मोकळ्या माणसाला देते.

कंपनीची हमी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली आहे: प्रत्येक निरोप किमान एकदा पोचतो. मी विचारलं, किमान एकदा, आणि कमाल किती? दादा म्हणाला, पोरगी हुशार आहे. ते आम्ही लिहून देत नाही. एखाद्यानं काम केलं, पोचही दिली, पण तेवढ्यात तार तुटली, तर रांगेला कसं कळणार? ती बिचारी पुन्हा पाठवते. आमच्या भाषेत रांग आणि शेपूट यांना शब्द एकच, ओपाश्का. त्यावरून दादाचा ठेवणीतला विनोद असा की शेपटीवर पाय ठेवा, पण डोकं कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

खाली गोदामाच्या दाराला एका तरुणाचा नेक्रोलोग, निधन कळवणारा कागद, लावलेला आहे. काळी चौकट, मधे फोटो, दाढी, हसरे डोळे. आता आमच्याकडे दार म्हटलं की असा एखादा कागद असायचाच, म्हणून मी नीट पाहिलंही नाही. झोरीनं माझा हात धरून मला भरभर वर नेलं.

६ मार्च

मला मेलेल्या निरोपांची रांग मिळाली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, नावच तसं आहे. जो निरोप पुनःपुन्हा पाठवूनही पोचत नाही, त्याला रांग बाजूला काढते. मग माणसानं हातानं बघायचं, दुरुस्त करून परत रांगेत टाकायचा, नाहीतर पोच देऊन मिटवायचा. नवीन काही आलं की मशीन टिंग करतं. हे काम आधी झोरी बघायची. आता आम्ही दोघी.

मजा आहे यात! एका बेकरीला एकतीस फेब्रुवारीसाठी ईस्टरच्या गोड पावाची, कोझुनाकची ऑर्डर गेली होती. एका दंतवैद्याची आठवण चुकून एका धनगराला जात होती. त्यानं उलट लिहिलं होतं की माझे दात पडून गेले, आता बोकडाचे तपासायचे असतील तर या.

एक निरोप मात्र विचित्र आहे. छापखान्यासाठीचा, नेक्रोलोगचा. काळी चौकट, क्रूस, 'अत्यंत दुःखानं कळवतो की', आणि पुढे सगळं कोरं. नाव नाही, फोटो नाही, पाठवणारा नाही. मी पोच देऊन मिटवणार होते, तर झोरी खुर्चीवरून जवळजवळ उडीच मारून आली. तो चाचणीचा निरोप आहे, त्याला पोच द्यायची नाही, दिसला की परत रांगेत टाकायचा, असं म्हणाली. का, विचारलं तर म्हणाली, तुला सांगते तेवढं कर ना गं. टाकला परत.

११ मार्च

तो कोरा नेक्रोलोग रोज येतो. टिंग झालं की मी ओळखते. सकाळी परत टाकला की दुसऱ्या दिवशी हजर, पाळलेल्या मांजरासारखा. आज त्यात दोन शब्द जास्त होते. 'कन्या' आणि 'विदीन'.

मला वाटलं, हे झोरीचेच उद्योग. मी तिला म्हटलं, वा गं वा, मला घाबरवतेस होय? ती हसली, पण उशिरा हसली. मग म्हणाली, छापखान्याकडून येतं काहीबाही, विदीनमध्ये काय दुसरं कुणी मरत नाही? हे खरंच आहे म्हणा. विदीनमध्ये आता मरण्याखेरीज दुसरं फारसं काही चालत नाही.

दुपारी आम्ही दोघी आंबट-गोड बोझा प्यायलो आणि तिनं माझ्यासाठी हिरवा स्वेटर घेतला. नको नको म्हणत होते तरी ऐकलं नाही.

१६ मार्च

आज दाराशी एक बाई भेटल्या, काळ्या कपड्यांत. जुना नेक्रोलोग काढून नवा लावत होत्या, 'तुझ्याविना एक वर्ष'. चिकटपट्टी दातांनी तोडत होत्या, चर्र, चर्र. मी वरचा कोपरा धरला. मुलाचं नाव त्सान्को. इथेच कामाला होता, वर, दुसऱ्या मजल्यावर. मला कुणी सांगितलंच नव्हतं!

बाई म्हणाल्या, भर दुपारी टेबलावर मान टाकली त्यानं. डॉक्टर म्हणाले हृदय. सत्ताविसाव्या वर्षी कसलं गं हृदय? आणि त्याच क्षणी सगळ्या गोदामाची वीज गेली होती. शेजारी ती तुमची झोर्नित्सा होती, एकटीच. वर्ष झालं विचारतेय, शेवटी काय करत होता, काही बोलला का. ती तोंडानं काही बोलत नाही, नुसती मान हलवते, आणि ती मान कुठल्या देशाची ते मला म्हातारीला कळत नाही.

मी वर येऊन झोरीला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस. म्हणाली, आल्या आल्या तुला मढ्याच्या गोष्टी सांगू? मग टेबलावरचे माझे हात धरले.

माझं टेबल त्सान्कोचं आहे. हे बोगोदादाकडून कळलं.

२० मार्च

झोरी चालली! लाइपझिगला, परत, कायमची. पंचवीसला निघणार. तिकीट कधीच काढलं होतं म्हणे, मी इथे यायच्या आधी. मी इतकी चिडले की स्वयंपाकघरातली पातेली आपटली. एकत्र राहू, एकत्र काम करू, उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ, हे सगळं कोण बोललं होतं? ती म्हणाली, चिमणे, खोली तुझी, नोकरी तुझी, तुला काय कमी आहे? मी म्हटलं, तू कमी आहेस. ती न्हाणीघरात जाऊन बसली.

निरोपात आज वय आलं. सव्वीस. माझंही सव्वीसच. असू दे.

२५ मार्च

तिला बसपर्यंत सोडून आले. राग धरायचं ठरवलं होतं, पण तिलाच रडू फुटलं आणि मग मीही रडले. उन्हाळ्यात येशील ना, असं विचारलं तर तिनं मान आडवी हलवली, डोळे पुसत, जोरजोरात. म्हणजे हो, आपली मान, विदीनची. तेवढ्यातही मला हसू आलं. रडताना माणसाची मान बरोबर आपल्या गावाला परत येते.

बस हलल्यावर तिनं मागे वळून पाहिलं नाही.

२७ मार्च

निरोपात फोटो आला आहे.

पूर्ण नाही. चेहऱ्याच्या जागी धुकं. पण खांदा दिसतो, त्यावर हिरवा स्वेटर. हनुवटीखाली हात आहे आणि मनगटावर लाल-पांढरी दोरी. असा फोटो मी कधी काढलेला नाही. स्वेटर या महिन्यातला आहे.

झोरीला लिहिलं. तिचं उत्तर आलं, अगं सगळ्या देशाच्या मनगटाला मार्तेनित्सा असते. परत टाक आणि चहा पी.

परत टाकला. चहा प्यायले. हात लपवून बसले होते, माझ्याच टेबलापासून.

३० मार्च

बदाम फुलला. सकाळी खाली जाऊन मार्तेनित्सा सोडली आणि फांदीला बांधली, रीतीप्रमाणे. खरं सांगायचं तर रीतीसाठी नाही. मनगट मोकळं केलं की तो फोटो खोटा पडेल, असं मला वाटलं.

ऑफिसात पोचते तोच टिंग.

फोटोतलं मनगट उघडं आहे. दोरीच्या जागी फिकट पट्टा. माझ्या मनगटावर आहे तसाच.

२ एप्रिल

आज डोकं शांत ठेवून बसले. शेवटी हा निरोपच आहे, भूत नाही. प्रत्येक निरोपाच्या पाठीवर तो कुणाकुणाच्या हातात पडला याचे शिक्के असतात. आजवर बघायचं सुचलंच नाही, काखेत कळसा नि गावाला वळसा.

आधी त्सान्को. रोज, कितीतरी आठवडे. मग त्सान्को थांबतो. त्याच दिवसापासून झोरी. वर्षभर झोरी, झोरी, झोरी, रोज परत रांगेत. मग मार्च, आणि मी.

मी दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, झोरी फेब्रुवारीत कशी होती? म्हणाला, वाळून काडी झाली होती पोरगी. जेवण नाही, झोप नाही, दिवसभर त्या मशीनसमोर. आणि ज्या दिवशी तुझा होकार आला ना, त्या दिवशी तिनं अख्खी बानित्सा एकटीनं खाल्ली.

मला भडभडून आलं.

झोरीच्या फेब्रुवारीतल्या निरोपाची एक जुनी प्रत सापडली. जवळजवळ भरलेली होती. फोटो पूर्ण, झोरीचा. वय, गाव, सगळं. मी पहिल्यांदा हात लावला त्या दिवशी मात्र तो कोरा होता. नवा हात मिळाला की पहिल्यापासून सुरू होतं.

म्हणून तिनं मला बोलावलं. नोकरी लावली. मनगटाला दोरी बांधली. वर्षभर ठणठणीत राहा म्हणाली.

४ एप्रिल

तिला नऊ वेळा फोन केला. उचलत नाही. शेवटी एक ओळ आली: नुसती परत टाकत राहा, काही होत नाही.

विदीनला पळून जायचं ठरवलं. स्टेशनवर गेले, तिकीट काढलं, गाडीत बसले. गाडी सुटायच्या आत माझ्या फोनवर टिंग झालं. माझ्या फोनवर ऑफिसचं काहीही नाही. उतरले.

दादाला म्हटलं, मी सोडते नोकरी. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, ईस्टर होऊ दे, मंगळवारी नवी मुलगी येतेय येलिना म्हणून, तिला तेवढं तुझं काम शिकव आणि मग जा. तोवर मेलेल्या रांगेच्या घेणाऱ्यांमध्ये तू आणि झोर्नित्सा दोघीच. मी विचारलं, झोरी अजून कशी काय? म्हणाला, तिचं नाव काढायचं राहूनच गेलं बघ. शेपूट तोडायचं राहिलं.

म्हणजे मी गेले तर तो निरोप झोरीकडे परत जाणार. किंवा मंगळवारनंतर येलिनाकडे.

झोरीला हे ठाऊक आहे.

७ एप्रिल

येलिनाचा फोन आला. दोब्रिचची आहे. खूप बोलते, खूप हसते. खोली रिकामी होणार आहे का विचारत होती. आईनं बरण्या दिल्या आहेत म्हणे, फुटतील का वाटेत, अशी काळजी. ताई म्हणाली मला. ताई, तुम्ही शिकवाल ना?

किती सोपं आहे. हो ये, खोली छान आहे, खाली बदाम आहे. एक निरोप येतो रोज, तो फक्त परत टाकायचा. एवढंच म्हणायचं.

नाही म्हणणार. मी झोरी नाही.

८ एप्रिल

धुकं हटलं. माझा चेहरा.

खाली नवी ओळ. 'आमची लाडकी चिमणी'.

चिमणी. आईलाही हे नाव माहीत नाही. दादाला नाही. जगात एकीलाच—

निरोपाला हे कुणी सांगितलं?

९ एप्रिल

घराघरांत ईस्टरची अंडी रंगवत आहेत. जिन्यात व्हिनेगरचा वास. मी जेवले नाही.

पाठवणाऱ्याची जागा भरली. नेक्रोलोगच्या तळाशी असते तशी. शोकाकुल: जिवलग मैत्रीण झोर्नित्सा.

पाठवणारी तीच. तिनं तिच्या जागी माझं नाव दिलं. कधी दिलं? माझा हात धरून जिना चढताना? स्वेटर घेताना? माझं माप विचारत होती दुकानात. केसानं गळा कापला गं झोरी. एका बाकावर बसायचो आपण.

फक्त तारीख कोरी आहे.

आता दोनच शक्यता. एक: त्सान्को नुसता परत टाकत राहिला, कागद भरला आणि तो मेला. तसं असेल तर पोच देणं ही सुटका. पोच दिली की रांग निरोप पुसते, मी वाचते, येलिना वाचते, झोरीसुद्धा. दुसरी: त्यानं पोच दिली, आणि त्या पोचेनंच तो मेला. वीज गेली म्हणून ती पोच रांगेपर्यंत गेली नाही. रांगेचं मशीन सोफियात आहे, वीज गेली ती इथली. म्हणून निरोप पुन्हा निघाला, झोरीकडे. किमान एकदा.

त्सान्कोनं पोच दिली होती की नव्हती? एवढंच कळायला हवं.

खोलीत एकच जण होतं.

१० एप्रिल, ईस्टरआधीचा मोठा शुक्रवार

सुट्टी. सगळे चर्चमध्ये, वर्षभराच्या आरोग्यासाठी ख्रिस्ताचं वस्त्र मांडलेल्या टेबलाखालून वाकून जायला. दादाही. गोदामात मी एकटी. लख्ख ऊन आहे, तंबाखूचा वास आहे.

तारीख भरली. आजची.

झोरीला लिहिलं— उचल, नाहीतर मी न परत टाकता, न पोच देता उठते, आणि मग तो तुझाच.

लगेच उचलला.

चित्र आहे, आवाज नाही. तिनं बंद ठेवलाय. फोन कपाला टेकवलाय, वही मांडीवर. लिहिते आहे, कारण लिहायची थांबले तर ओरडेन.

विचारलं. हळू, एकेक शब्द. झोरी, त्सान्कोनं पोच दिली होती का?

तिला ऐकू गेलं. चेहरा झाकला. खांदे हलतायत. रडतेय.

मान. वर-खाली. वर-खाली.

आपल्याकडे ते नाही. तिकडे ते हो.

पुन्हा विचारलं. तोंडानं बोल गं. एकदा. तोंडानं—

वर-खाली.

रडतेय ती. रडताना तिची मान विदीनची असते, बसपाशी पाहिलं मी. नाही म्हणतेय. त्यानं दिली नव्हती. म्हणजे सुटका आहे—

विश्वास ठेवते. पहिलीपासूनची आहे. इतकं झाल्यावर तरी खोटं—

दिली. पोच दिली.

चक्र फिरतंय पडद्यावर. फिरतंय. फिर—

वीज गेली.

मशीन बंद. पंखा थांबला. फोन चालू आहे, ती दिसतेय. हात खाली घेतले तिनं. डोळे कोरडे. गाल कोरडे.

आवाज आला. आता चालू केला. मागे कुणाला तरी सांगतेय, मी तिला हो म्हटलं होतं, चांगली मान डोलावून हो म्हटलं, तिला कळलं नाही तर मी काय—

तिकडचं हो.

छातीत—

खाली दाराशी चिकटपट्टी. चर्र. आज सुट्टी आहे, कोण— दातांनी तोडली—

मशीन बंद आहे. पोच गेली का? गेली नसेल तर—

टिंग.

माझ्याकडे नाही. तिच्याकडे. लाइपझिगमध्ये. बघतेय ती. चेहरा—

आता तोंडानं बोलतेय. किंचाळतेय. चिमणे, दिलीस ना? चिमणे, पुन्हा दे, पोच—